पाण्यातलं शहर

ऐंशीच्या दशकात आई पहिल्यांदा आमच्याकडे ओहायोला आली आणि मॉलना लगेच कंटाळली. म्हणून एका रविवारी मी तिला म्युझियममध्ये नेलं. तिथे एका खोलीत एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराची चित्रं होती. हा गृहस्थ देशोदेशी फिरला आणि आयुष्यभर पाणी आणि पाण्यावरचं ऊन रंगवत बसला. गाइडबाई त्या सोनेरी प्रकाशाचं कौतुक करताना थकत नव्हत्या. मला त्या बडबडीचा वैताग आला होता.

आई मात्र व्हेनिसच्या चित्रासमोरून हलेना. घरांच्या भिंतींना पाणी लागलेलं, मागे देवळासारखा घुमट, पुढे होड्या.

"ह्यांचं गाव कधी बुडालं रे?" तिने हळूच विचारलं.

आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत ती घरातून निघाली नव्हती.

"बुडालं नाही गं," मी म्हणालो. "ते शहर पाण्यातच बांधलंय. लोक अजून राहतात तिथे."

ती पुन्हा चित्राकडे वळली. दारात पाणी आलेल्या त्या घरांकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांना राहू दिलं?" ती म्हणाली.