हॉलमधला शोपीस

सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहितेय.

कात्रजला सहा नकारांनंतर फ्लॅट मिळाला. आम्ही बौद्ध आहोत हे घरमालकीण काकूंना आडनावावरून कळलं नाही. माझ्या बुद्धमूर्तीकडे त्यांनी बोट दाखवलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, "शोपीस आहे."

आज नागपूरहून आई आली. आंघोळ करून तिने मूर्तीसमोर मेणबत्ती लावली आणि मोठ्याने वंदना सुरू केली. तेवढ्यात बेल वाजली. काकू! मी मेणबत्ती फुंकली. आईची वंदना अर्ध्यावरच थांबली.

"मेणबत्ती कशाला हो?" काकूंनी आत येत विचारलं.

"लाइट गेली होती," आई म्हणाली. डोक्यावर पंखा फिरत होता.

काकू गेल्यावर आईने वंदना पूर्ण केली, कुजबुजत.

मंडळी, खरं सांगू की घर सोडू? दोन्हींत काही फरक असेल, तर तेवढा कळवा.