गाठीत साबण जात नाही

टाय बांधता येणारा एकही माणूस आमच्या सिरसाळ्यात नव्हता, आणि त्यात मीही आलो. बियाणांच्या कंपनीत लागलो तेव्हा औरंगाबादच्या दाजींनी एकदा गाठ मारून दिली होती. तीच मी रोज सैल करून डोक्यातून काढायचो आणि सकाळी पुन्हा अडकवायचो. तेव्हा नव्या कंपन्यांचं पीक आलं होतं; कापसाच्या रानातसुद्धा टाय पाहिजे. तो घातला की मी माझा मलाच परका वाटायचो. (गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची.)

मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे ठरवायला साहेब येणार होते. त्या सकाळी टाय दोरीवर सरळ लोंबत होता.

"आई, गाठ कावून सोडलीस?"

"लई मळला व्हता. गाठीत साबण जात न्हाई."

"आण इकडं," आप्पा म्हणाले. आमच्या किराणा दुकानात जन्मभर पुड्या बांधलेला माझा बाप! त्यांनी अशी गाठ आवळली की माझे डोळे बाहेर आले. शेवटी कात्रीनं मी सुटलो आणि टाय गेला.

मग महादूच्या फोटो स्टुडिओत पळालो. तिथं गिऱ्हाइकांसाठी एक कोट-टाय असायचा.

"नुसता टाय दे."

"सुटा न्हाई भेटत बे. कोटालाच शिवलाय."

कोट चढवला तर पाठीला वारा लागला. कुणालाही बसावा म्हणून तो मागून उभा चिरून नाड्या लावल्या होत्या.

"फोटोत पाठ येती का?" महादू म्हणाला.

साहेब आमच्या दुकानापुढं उतरले. शेतकरी जमले होते. मी भिंतीला पाठ लावून उभा, चालायचं तर खेकड्यासारखा आडवा. सगळं निभावलंही असतं. पण आप्पांना अभिमान आवरेना. "बघा सायेब, पोरगं कसं दिसतंय," म्हणत त्यांनी मला गर्रकन फिरवलं.

एका म्हाताऱ्यानं नाड्या नीट निरखून साहेबांना विचारलं, "बाकीचा कोट कायम झाल्यावर भेटतो का?"

साहेब पोट धरून हसले. "काढा तो कोट."

काढला. टायही त्याच्याबरोबर गेला. सदऱ्यावर मी पहिल्यांदाच माझ्या माणसांशी माझ्या भाषेत बियाणांबद्दल बोललो, आणि इतकं हलकं वाटलं की साहेब बसलेत हेही विसरलो. नोकरी कायम झाली.

मग कंपनीनं ओळखपत्रासाठी टायमधला फोटो मागितला. महादूनं काढला, त्याच कोटात. त्याची मोठी प्रत आप्पांनी घरात लावली. पाहुणे म्हणतात, "जन्मजात साहेब दिसता." फोटो भिंतीला पाठ लावून टांगतात, म्हणून माझी अब्रू अजून टिकून आहे.