हॉर्नवाल्याचा धाकटा भाऊ

दिल्लीच्या करोल बागेत गाड्यांचे हॉर्न विकणारे दोघे भाऊ आहेत. एकाच आईची लेकरं, पण वाटणीत घरातला सगळा आवाज थोरल्याला गेला असावा. तो काउंटरवरून बोलला की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंही वळून बघतात. मला आवडतो तो धाकटा. हा फुटपाथवर उकिडवा बसून हॉर्न बसवतो. स्क्रू ड्रायव्हर दातांत धरलेला, त्यामुळे काहीही विचारा, नुसती मान हलते. शेजारून कुणी हॉर्न वाजवला की हा डोळे गच्च मिटतो. हॉर्नच्या धंद्यातला माणूस!

परवा आर. के. पुरमहून माझी स्कूटर घेऊन गेलो. थोरल्याने हॉर्न काढून दिला. "ले जाओ सरजी, ट्रक भी रास्ता देगा!"

धाकट्याने तो बसवला. मग भावाची पाठ वळलेली बघून हॉर्नमागचा बारीक स्क्रू हळूच अर्धा फेरा फिरवला. वाजवून पाहिलं, तर आवाज एकदम सभ्य. मी बघतच राहिलो. त्याने दातांतला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "किसी का बच्चा सोया होता है, सर."

हे गुपित पोटात ठेवून मी निघालो, तेवढ्यात थोरला कानाशी आला. याला कुजबुजता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"कम कर दिया ना उसने? बचपन से ऐसा है. इसीलिए मैं पहले ही ज़्यादा तेज़ वाला देता हूँ."