फुलांची गाडी आणि मागची सीट

ती दुपार आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते. नोकरीत दरोडे पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या, पण घरी कोणी चहाला आलं आणि "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं, की मी हीच सांगतो. हिच्यात रक्त नाही, हत्यार नाही. एक कोरी गाडी आहे आणि एक न दुमडणारा गुडघा आहे.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रविवार होता. लग्नसराईत रविवारी ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: कर्कश डीजे, रस्त्यात नाचणारी वरात, जेवणावरून रुसलेले व्याही. त्यामुळे दुपारी एकच्या सुमारास पांढऱ्या कुडत्यातला एक गृहस्थ धावत आत आला तेव्हा ठाणे अंमलदार न बघताच म्हणाले, "डीजे का?"

"गाडी चोरीला गेली!" तो ओरडला.

साजगावच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. चौक गावाजवळच्या हॉलमध्ये त्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, अकराला लग्न लागलं, पंगती बसल्या. याची गाडी जेमतेम पंधरा दिवसांची. नवरीची पाठवणी तिच्यातूनच व्हायची म्हणून सकाळीच झेंडूच्या माळांनी सजवलेली. साडेबाराला तो गाडीवरचे हार ठीक आहेत का बघायला गेला, तर जागेवर चार पाकळ्या फक्त.

"चावी कुठे आहे?" मी विचारलं.

"आईकडे. या कुडत्याला खिसाच नाही, म्हणून तिच्या पर्समध्ये ठेवली. चावी सुरक्षित आहे, साहेब."

"आईंना विचारलंत?"

"छे! आईला कळता कामा नये. तिला बीपी आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आईच्या कानावर घालायचं नाही."

इथे मी चुकलो. चावी आईच्या पर्समध्ये आहे म्हटल्यावर मीही मान डोलावली. आपल्याकडे आईच्या पर्समध्ये ठेवलेली वस्तू म्हणजे बँकेत ठेवलेली वस्तू. ती जागेवर आहे का, हे बघायला कोणी जात नाही.

मग त्याने संशयिताचं नाव घेतलं. डोंगरपायथ्याच्या एका गावचा पंचविशीतला ड्रायव्हर. पूर्वी याच्याकडे होता, काहीतरी वाजलं आणि सोडून गेला. आता स्वतःची डबल केबिनची पिकअप चालवायचा. शोरूममधून गाडी घरी आणायला मात्र त्यालाच बोलावलं होतं. "आणि ते दार, साहेब! मूठ दारात बुजलेली असते. एका टोकाला अंगठा दाबला की दुसरं टोक बाहेर येतं. आमचे पाहुणे अजून खिडकीपाशी चाचपडतात. ते दार मी सोडून फक्त त्यालाच जमतं."

हॉलच्या वॉचमनने कॅमेऱ्याची चित्रफीत मोबाइलवर पाठवली. त्या ड्रायव्हरची पिकअप नेमकी मध्ये उभी होती. तिच्या हौद्यावरून नव्या गाडीचा फक्त वरचा भाग दिसत होता. मागचं डावं दार झटकन उघडलं. बराच वेळ उघडं राहिलं. मग बंद झालं आणि फुलं हलत हलत निघून गेली. माणूस कुठेच दिसला नाही. दोनदा पाहूनही माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की दार उघडणाऱ्याला ते उघडण्याचा सराव आहे.

नियंत्रण कक्षाला कळवलं, कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावर नाकाबंदी लावली. माणसं तिथे पोचतायत तोवर चौकमधल्या एका गॅरेजवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबरी, पण त्याला खबरी म्हटलेलं आवडत नसे. "शेजारी म्हणा," म्हणायचा.

"सायेब, फुलांची गाडी कर्जतच्या रस्त्याला गेली. पाऊन तास झाला आसंल. लय हळू चालली व्हती. मागच्यानं हारन मारला तरी साइड देईना."

"चालवत कोण होतं?"

"त्येच तर नवल हाय! डायवर दिसलाच नाय. नुस्ती फुलं दिसली."

मी ते 'काचेवर हार होता' असं मनाशी लिहून मोकळा झालो.

ड्रायव्हर हॉलमध्येच सापडला. पंगतीत वाढत होता. आमच्या जीपमध्ये मागे बसवून त्याला आणलं. सहा फुटांच्या वर उंची. गुडघे हनुवटीला टेकले होते. ठाण्यापाशी उतरताना त्याने कडीला हात घातला, पण जीपचं ते दार आतून उघडत नाही. शिपायाने बाहेरून उघडेपर्यंत तो मुकाट बसून राहिला.

त्याला समोर बघताच मला एक गोष्ट आठवली. त्याचा चेहरा मी फोटोत पाहिला होता. सरकारी चालकाच्या भरतीत त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा त्याचा कागद तीन दिवस माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. मी तो उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"हे बघ. फिर्यादीत संशयित म्हणून तुझं नाव गेलं, तर या कागदावर मला काय लिहावं लागेल ते तुला कळतंय ना?"

"कळतंय, सायेब."

"गाडी कुठे आहे?"

"मी नाय चोरली."

"ते विचारलं नाही. कुठे आहे ते माहीत आहे का?"

खोटं बोलणारा माणूस अशा वेळी भराभर बोलतो. हा ओठ मिटून बसला होता. मग हळूच म्हणाला, "सायेब, चारपर्यंत थांबा. गाडी येईल."

झालं! आमच्या हवालदारांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. साथीदार आहे, वेळ ठरलेली आहे, सगळं जुळलं. फिर्यादी तर खुर्चीतून उठलाच. "बघा! लिहा त्याचं नाव!"

"कोण आणणार गाडी?" मी आवाज चढवला.

"सबूद दिलाय, सायेब. नाव नाय घेनार."

"नोकरी जाईल."

त्याचे डोळे भरले. कागदाकडे बघत तो म्हणाला, "गेली तर गेली. पन चारपर्यंत थांबा."

माझा पारा चढला होता, हे खरं सांगतो. पण शब्दासाठी सरकारी नोकरी पणाला लावणारा गाडीचोर मी तोवर पाहिला नव्हता. फिर्याद लिहून घ्यायला मी मुद्दाम ठाण्यातल्या सर्वांत संथ टायपिंग करणाऱ्या हवालदारांना बसवलं. ते एका बोटाने टंकलेखन करत आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. संशयिताचा रकाना शेवटी भरायचा, अशी ताकीद दिली.

तेवढ्यात त्या पोराने खुर्ची मागे सरकवली. कर्र असा आवाज झाला. माझ्या टेबलाला त्याचे गुडघे आपटत होते म्हणून त्याने ती सरकवली होती. मी त्या गुडघ्यांकडे बघत राहिलो. एवढा उंच माणूस गाडी चालवताना सीट पार मागे घेणार. त्याचं डोकं छताला लागणार. गॅरेजवाल्याला ड्रायव्हर दिसला नाही तो फुलांमुळे नव्हे!

मोबाइल काढून चित्रफीत तिसऱ्यांदा पाहिली. दार उघडताना पिकअपच्या हौद्यावर एकही डोकं येत नव्हतं. हा असता तर खांद्यापर्यंत दिसला असता. आणि चोर मागचं दार कशाला उघडेल? उघडून एवढा वेळ थांबेल कशाला? की कोणी आतूनच उघडलं होतं?

"मागचं दार आतून उघडतं का हो तुमचं?" मी फिर्यादीला विचारलं.

"नाही. दाराच्या कडेला एक खटका असतो, तो लावलाय. मुलगी लहान आहे, चालत्या गाडीत दार उघडेल म्हणून. मागे बसलेल्याला बाहेरूनच काढावं लागतं."

म्हणजे बाहेरून कोणीतरी कोणाला तरी सावकाश आत बसवलं होतं. "मागे जागा किती आहे?"

एवढ्या संकटातही त्याची छाती फुगली. नव्या गाडीवाल्याला काहीही विचारा, तो सांगतोच. "भरपूर! पुढची सीट पुढे ढकलली की माणूस पाय सरळ करून बसतो. आई तर पहिल्याच दिवशी म्हणाली, हिच्यात माझ्या मैत्रिणीचा पाय मावेल."

"मैत्रीण कोण?"

"कळंबची मावशी. आई परिचारिका होती ना, दोघींनी वाड्यावाड्या पायी फिरून एकत्र नोकरी केली. मावशीचा गुडघा आता दुमडतच नाही. कुठल्या गाडीत बसता येत नाही तिला. आज लग्नाला पण या पठ्ठ्याच्या पिकअपच्या हौद्यात खुर्ची टाकून..."

तो बोलता बोलता थांबला. हवालदारांचं बोटही थांबलं.

"तुमच्या आईंची उंची किती?" मी विचारलं.

त्याने स्वतःच्या खांद्यापाशी हात नेला आणि मटकन खाली बसला. "पण आईला गाडी येत नाही, साहेब!"

मी पोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून मला हसू आवरेना. त्याने सबूद मोडला नव्हता, पण ओठ दाबून धरताना कान लालबुंद झाले होते.

हॉलवर फोन केला. आईंचा मोबाइल नवरीच्या खोलीत चार्जिंगला होता आणि आई दीड तास कोणाला दिसल्या नव्हत्या. बायकांना वाटत होतं त्या पुरुषांकडे आहेत, पुरुषांना वाटत होतं बायकांकडे. आणि गाडी हरवल्याचं त्यांच्यापासून लपवण्यात सगळं घर इतकं गुंतलं होतं, की आईच हरवल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता मात्र फिर्यादी घाबरला. नवखा हात, हायवे, आई. दर दोन मिनिटांनी दारात जाऊन तो रस्त्याकडे बघत होता. थोड्या वेळाने तो त्या पोरापाशीच येऊन उभा राहिला. "नीट चालवते का रे ती?"

"माझ्यापरीस नीट," पोरगा पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. "चाळीसच्या वर जात नाय."

पावणेचारला नाकाबंदीवरून शिपायाचा फोन आला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, फुलांची गाडी अडवली आहे. चालक एक आजी आहेत. लायसन्स दाखवलं, महिनाभरापूर्वीचं आहे, बरोबर आहे. सीटवर दोन उशा आहेत. मलाच विचारतायत, बाळा, जेवलास का? काय करू?"

"सलाम कर," मी म्हणालो, "आणि ठाण्यात घेऊन ये."

चार वाजायला दोन मिनिटं असताना झेंडूच्या माळा फाटकातून आत आल्या. हार एकही विस्कटला नव्हता. दार उघडून निळ्या पैठणीतल्या चौसष्ट वर्षांच्या बाई उतरल्या, "जय भीम साहेब" म्हणाल्या आणि तडक पोराकडे गेल्या.

"अरं, तुला हितं कुनी आनलं?"

त्यांनी टेबलावरचा अर्धवट कागद उचलून वाचला आणि मग मुलाकडे वळल्या. "याचं नाव घालनार व्हतास? यानं मला सहा महिनं पहाटं मैदानात शिकवलं. तुला सांगितलं असतं तर म्हनाला असतास, आई, तुझं वय हाय का. घरची गाडी रोज पुसताना ती मूठ दाबून दाबून शिकले मी."

"पण आजच का, आई? पाठवणीची गाडी..."

"पाच वाजता पाठवनी हाय. आता चार वाजलेत. माझी मैत्रीन सकाळी हौद्यात खुर्ची टाकून आली रं. येताना तिच्या मांडीवर कुनाची तरी पिशवी ठेवली व्हती. माल हाय का ती? मी तिला सांगितलं, परतताना तू नवरीसारखी जानार, आनि तुला मी नेनार. पाय लांब करून बसली, सायेब. कळंबपर्यंत नुसती हसत व्हती."

फिर्यादीने आईच्या हातातून तो कागद घेतला, फाडला आणि पोराला मिठी मारली. त्याचं डोकं पोराच्या छातीपर्यंतच पोचत होतं. उंचीत तो आईवर गेला होता. स्टेशन डायरीत मी 'गाडी मिळून आली, तक्रार नाही' अशी नोंद घेतली. नाकाबंदी उठवली. आणि ते सगळे बाहेर पडण्याआधी तीन दिवस पडून असलेल्या त्या पडताळणीच्या कागदावर सही केली. इतक्या आनंदाने मी क्वचितच सही केली असेल. पाठवणी पाच वाजताच झाली. मीही शिट्टी फुंकत चौकातली वाहतूक अडवून धरली होती.

या केसने मला काय शिकवलं? एक तर हे, की साक्षीदार जे सांगतो ते आधी जसंच्या तसं ऐकावं. 'ड्रायव्हर दिसलाच नाही' हे वाक्य माझ्या हातात होतं आणि मीच त्यात फुलं घातली. दुसरं म्हणजे गप्प बसणारा प्रत्येक जण काही गुन्हा लपवत नसतो. कधी तो दुसऱ्याचं सुख सांभाळत असतो. आणि गाडीत मागे बसणाऱ्याचा विचार कोण करतं, यावरून माणूस कळतो.

मी निवृत्त झालो, कर्जतला राहायला आलो. गुडघे आता माझेही कुरकुरतात. गेल्या थंडीत दारात तीच गाडी उभी राहिली. "चला, कळंबला पोपटी लावलीय," बाई म्हणाल्या. पुढची सीट पुढे ढकलून मला मागे बसवलं. पाय पसरून, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा विचार करत, ताशी चाळीसच्या वेगाने मी कळंबला पोचलो. मावशींच्या अंगणात मडक्याभोवती धूर दाटला होता. उतरायला मी मूठ ओढली. दार उघडेना. खटका अजून लावलेलाच होता.

मी मुकाट बसून राहिलो. काचेपलीकडे कोणीतरी वाकलं. सरकारी चालकाचा खाकी गणवेश, सहा फुटांच्या वर उंची. त्याने बाहेरून अंगठ्याने मूठ दाबली, दार उघडलं आणि घड्याळाकडे बघून गालात हसला.

"उतरा, सायेब," तो म्हणाला. "चार वाजले. गाडी आली."