तारांगणातली म्हातारी

भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणाऱ्याला मी आजवर धड चहासुद्धा विचारलेला नाही. नव्वदी जवळ आली, मत तेच आहे. तरी हे लिहिते... कारण हे मी स्वतः, भर दुपारी पाहिलंय.

गाव देवरी. महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. आमचे हे तिथल्या शाळेत गुरुजी. शाळेमागच्या कवेलूच्या छपराच्या खोलीत ह्यांनी मुलांसाठी संग्रहालय मांडलं होतं — सुगरणीचे खोपे, सापाची कात, अस्वलाची कवटी. पण जीव सगळा आकाशात. आणि दैव बघा, ह्यांना रातांधळेपण. सूर्य बुडाला की माझा हात धरून चालायचे. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले होते, वर्षा-दोन वर्षांत दिवसाचंही दिसणं जाईल. "त्याआधी एकदा तारे बघायचेत," एवढंच ह्यांचं म्हणणं.

म्हणून अंगणात तारांगण, तेही दुपारचं. धान साठवायचा ढोला विणतात तसा बांबूचा घुमट, दहा मुलं आत बसतील एवढा, वरून शेणामातीनं लिंपलेला. आकाशाच्या नकाशाप्रमाणे दाभणानं भोकं पाडायची. आत काळोख, बाहेर ऊन — झाले तारे. विणायला बुरडाची सुकाबाई. सत्तरीची, तोंडाची फटकळ.

शिडीवर बसून, नकाशा समोर धरून ह्यांनी पाच दिवस भोकं पाडली. आत जाऊन बघतो तर आकाश उलटं, डावीकडचं उजवीकडे. नकाशा खालून बघायचा, हे पाडत होते वरून. मी म्हटलं, "इतके शिकलेले, आणि एवढं कळलं नाही?" सुकाबाई पदर तोंडाला लावून हसली आणि एकेक भोक बुजवायला बसली.

दुसऱ्या खेपेला आकाश सरळ आलं. आमच्याकडे सप्तर्षी म्हणजे म्हातारीची खाट आणि ती पळवायला आलेले तीन चोर. सुकाबाईनं आत येऊन तिकडे बोट केलं. "खाट हाय, चोर हायेत. म्हातारी कोठी हाय जी, गुरुजी?"

"पुस्तकात नाही, सुकाबाई."

"पुस्तकवाल्यानं पायली नसन. खाटीवर म्हातारी नाही, त चोर कायले दबकत जाऊन राहिले?"

हे हसले. पण नकाशाबाहेरचं भोक काही पाडेनात.

त्या पावसाळ्यात सुकाबाई वारली. घुमटावर ताडपत्री घालून ठेवली होती, ती आम्ही दिवाळीनंतर काढली. हे आत गेले आणि मला हाक मारली. खाटेच्या चार ताऱ्यांच्या मधोमध एक बारीक तारा. मी भडकले, म्हटलं पोरांचे उद्योग. शिडी लावली, वर चढून बोटानं चाचपलं... लिंपण अखंड, भोक नाही. मग तीच ताडपत्री पुन्हा घुमटावर ओढली आणि आत गेले. सगळे तारे विझले होते. म्हातारी तेवढी होती.

"सुकाबाई," हे हळूच म्हणाले, "आता बरोबर आहे बाई." मला रडू आवरेना.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांचे डोळे गेले. एका दुपारी मी हात धरून ह्यांना आत नेऊन बसवलं. बाहेर लखलखीत ऊन, माझ्या डोक्यावर शेकडो तारे.

"ताडपत्री टाकली काय?" ह्यांनी विचारलं.

"हो," मी खोटं बोलले.

"तरीच. एकटी म्हातारीच दिसून राहिली." आणि बोट वर केलं. बरोबर तिच्यावर.

घुमट पुढच्या पावसात बसला. भोकाशिवाय तो उजेड कुठून येत होता, मला अजून कळलेलं नाही. विज्ञानाच्या दोन मास्तरांनाही विचारून पाहिलं. हे त्यानंतर वीसेक वर्षं जगले. संध्याकाळी अंगणात खाटेवर बसवलं की मी विचारायचे, "आहे का?"

हे मान वर करून थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "आहे."