त्र्यंबकगुरुजींचा ट्रॅक्टर आणि रामधनीला दिलेला शब्द

तीन वेळा परत आला माझा लेख. पहिल्यांदा म्हणे फार लांब झालाय. दुसऱ्यांदा म्हणे भाषा ग्रंथाला शोभत नाही. तिसऱ्यांदा समितीच्या चिटणीसांनी खरं काय ते सांगितलं. "वहिनी, गुरुजींची पंचाहत्तरी आहे. हा गौरवग्रंथ आहे. त्यात ट्रॅक्टर कशाला? त्यांच्या वेदपठणावर लिहा ना दोन शब्द." आता मी चौथी शिकलेली बाई वेदपठणावर काय लिहिणार, कपाळ? त्यावर लिहायला त्यांचे शिष्य आहेत, गावोगाव आहेत, ते छान लिहितील. मी गुरुजींना जे करताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. शुद्धलेखन हवं तेवढं सुधारा. ट्रॅक्टर काढायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्र्यंबकगुरुजी घनपाठी आहेत. म्हणजे वेद त्यांना सरळ येतो, उलटा येतो, शब्दांची वेणी घालून पुढे-मागे कसाही येतो, आणि समोर पोथी लागत नाही. इथं काशीत राजा घाटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वर गुरुजी आणि उमाकाकू राहतात. खाली चौकात पाठशाळा भरते. गल्लीच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही. आमचे हे रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलो. मी शिवणकाम करते.

गुरुजींची माझी पहिली ओळख माझ्या शिलाई मशीनमुळे झाली, आणि ती काही गोड नव्हती. लग्नसराईत मशीन अडकलं. मी त्याला शिव्या देत होते. दारात धोतर नेसलेले, कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, परवानगी असेल तर बघू का?" मी म्हटलं, "तुम्ही पूजा सांगता ना? मग मशीन कुठं बघता?" ते हसले आणि आत येऊन बसले. खाली स्वतःचं उपरणं पसरलं. एकेक भाग काढून ओळीनं मांडत गेले, आणि ओठ सारखे हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणतायत. तासाभरानं सगळं परत बसवलं आणि मशीन असं चाललं की मी सगळ्या शिव्या परत घेतल्या. मी दिलेली शिवी सहसा परत घेत नाही, आमच्या ह्यांना विचारा.

माणूस किती साधा, ते सांगते. आमच्या ह्यांचा पाय मोडला होता आणि नेमकी पाण्याची मोटर बंद पडली. सकाळी दार उघडलं तर गुरुजी दोन बादल्या घेऊन उभे. मी कानकोंडी झाले. म्हटलं, "अहो गुरुजी, शिष्यांना सांगायचं." तर म्हणाले, "ते इथं वेद शिकायला आलेत बाई, माझं पुण्य पळवायला नाही." मोटर दुरुस्त होईपर्यंत रोज आणलं पाणी. एक दिवस चुकलं नाही.

आता ट्रॅक्टर. गंगेपलीकडे रामनगरला एका बागेत गुरुजी पूजेला गेले होते. तिथं कण्हेरीच्या झुडपात एक छोटा ट्रॅक्टर गंजत पडलेला. बागेत चालवायचा असतो तसला, म्हशीपेक्षा बुटका, परदेशी, फार जुना. बागेचा माळी रामधनी, गुरुजींच्याच वयाचा, पाठीत वाकलेला, कुदळीनं वाफे खणत होता. गुरुजींनी विचारलं, हा का चालवत नाहीस? रामधनी म्हणाला, "ई त कब क मर गयल, महाराज. मालिक भंगार में देत हउवन." म्हणजे हा कधीचाच मेलाय, मालक भंगारात देतायत. गुरुजींनी मालकांची परवानगी घेतली आणि रामधनीला सांगितलं, "मी नेतो. चालता करून तुझ्या हातात आणून देईन." मला लिहायचंय ते ह्या वाक्यावरच.

आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसानं भिंतीला चिकटायचं. तिथं ट्रॅक्टर कसा येणार? गुरुजींनी तो बागेतच खोलला. होडीतून तुकड्या-तुकड्यानं आणला. इंजिन बांबूला बांधून मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, घाटाच्या पायऱ्या चढवून दिलं. चौकात चटया अंथरल्या आणि त्यावर तो सगळा लोखंडी संसार मांडला. उमाकाकूंनी कपाळाला हात लावला. "आता नैवेद्याला पिस्टन वाढू का?" असं मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

पाठशाळा सुटली की गुरुजी बसायचे. गंजलेले नट डिझेलमध्ये भिजत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी हळूच फिरवून बघायचे. नाही सुटला तर परत भिजत. मी असते तर हातोडा घातला असता. मी तसं म्हटलंही. गुरुजी म्हणाले, "बाई, तो इतकी वर्षं घट्ट बसलाय. त्याला दोन दिवस तरी द्या."

आणि ते काहीही लिहून ठेवत नव्हते. ना चिठ्ठी, ना खडूची खूण. मी विचारलं, एवढे शेकडो तुकडे, लक्षात कसे राहणार? तेव्हा त्यांनी मला पाठ दिला. हो, मला. शिवताना तुमचं तोंड रिकामं असतं, म्हणाले, तेवढं म्हणत जा. वॉशर-स्प्रिंग, स्प्रिंग-वॉशर, वॉशर-स्प्रिंग. मग स्प्रिंग-दांडी, दांडी-स्प्रिंग, स्प्रिंग-दांडी. असं एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं गुंफत जायचं. पुढे, मागे, परत पुढे. ते ज्या पद्धतीनं वेद सांभाळतात त्याच पद्धतीनं त्यांनी मला गिअरबॉक्स शिकवला. इंजिन त्यांच्या तोंडी, गिअरबॉक्स माझ्या तोंडी. मी ब्लाउजला हुक लावता लावता म्हणायचे. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची.

मग मी घोळ घातला. श्रावणीला चौक धुवायचा होता. पाठशाळेची मंडळी जानवी बदलायला जमणार. मी घाईची बाई, गिअरबॉक्सचे सगळे तुकडे ओळीतून उचलले आणि एका बादलीत ओतले. ओतल्यावर मला कळलं मी काय केलं. दोन महिन्यांची मांडणी होती ती. गुरुजी आले, बादलीत बघितलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते सरळ मांडी घालून बसले आणि म्हणाले, "म्हणा."

मी म्हणत गेले, ते बादलीतून एकेक काढून मांडत गेले. हात कुठं अडला नाही. एका जागी मी म्हटलं "दांडी-वॉशर", आणि ते थांबले. म्हणाले, "तिथं कडी ना?" मी म्हटलं, "वॉशर." त्यांनी परत म्हणायला लावलं. मी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझं डोकं तापलं. "गुरुजी, तुम्हीच शिकवलंत वॉशर, मी काय घरून आणला? म्हणायचं की नाही पुढे?" शिष्य सगळे बघत होते. गुरुजींनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पाठ परत म्हटला. मी सांगितलं तसा वॉशर आधी, मग कडी, असं बसवून बघितलं. दांडी खट् करून जागेवर गेली.

गुरुजी शिष्यांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाठ माझा चुकला होता. ह्यांनी सांभाळला." आणि मला नमस्कार केला. ज्यांच्या तोंडून एक स्वर इकडचा तिकडे होत नाही असं सगळी काशी म्हणते, त्यांनी आपली चूक शिष्यांसमोर सांगितली, एका शिवणकाम करणाऱ्या बाईला हात जोडून. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. जमलाच नाही. मोठेपणा मोठेपणा म्हणतात, तो मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

सुरू झाला तो दिवस तर विसरणार नाही. गुरुजींनी दोरी ओढली, एकदा, दोनदा, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, धूर सोडला आणि धडधडायला लागलं. छतावरची माकडं पळाली. काकू कणकेच्या हातानं धावत आल्या. मेलेला जीव उठून बसावा तसं ते चालत होतं, आणि गुरुजी त्याच्यापुढं नुसते उभे होते.

मग त्यांनी ते बंद केलं आणि म्हणाले, "चला, आता परत खोलायचा."

मी ओरडलेच. "गुरुजी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दारातून अख्खा कसा जाईल, बाई?"

"मग जोडलात कशाला इथं? तिकडेच जोडायचा."

"आणि तिकडे सुरू झाला नसता तर? रामधनीला शब्द दिलाय. चुकायचं ते आपल्या घरात चुकावं, त्याच्या बागेत नाही."

 

पण खोलायच्या आधी गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, जड उचलायला मनाई झाली, आणि तेवढ्यात तुमची समिती आली. ट्रॅक्टर बघून सगळे खूश. ठरवलं की तो चौकातच ठेवायचा. रंग लावायचा, झेंडूचे हार घालायचे, त्याच्याशेजारी गुरुजींना बसवून शाल द्यायची, मागे पाटी लावायची. रामधनीला काय, समजावून सांगू म्हणे. गुरुजींना कुणी विचारलं का? विचारलं. ते म्हणाले, "समितीची इच्छा." ज्याचा सत्कार करायचा तो माणूस आणखी काय बोलणार? तुम्ही ते होकारात धरलंत.

मी खाली राहते, मला दिसतं. गुरुजी पहाटे संध्या झाली की त्या ट्रॅक्टरजवळ येऊन बसतात. गिअरबॉक्सवर हात ठेवतात आणि ओठ हलतात. मी दाराआडून ऐकलं. ते शेवटच्या तुकड्यापासून पहिल्याकडे म्हणतात. खोलायचा पाठ. परवा मध्येच अडकले. पुढचं आठवेना. परत शेवटच्या तुकड्यापासून सुरू केलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस शब्द पाळायची वेळ येईपर्यंत विसरू नये म्हणून रोज घोकतोय, आणि तुम्ही हाराचे रंग ठरवताय.

तिकडे रामधनी अजून कुदळच मारतो. मागच्या सोमवारी मी स्वतः जाऊन बघून आले. त्यानं काही तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "महाराज ठीक हउवन न?"

ह्या ग्रंथात सगळेच गुरुजींना उदंड आयुष्य मागतील. मीही मागते. त्यांनी शंभर वर्षं जगावं, गुडघे दुखू नयेत, दृष्टी परत स्वच्छ व्हावी, काकूंच्या हातचं जेवण दोन्ही वेळा पचावं. पण त्या वर्षांमध्ये मनाला हे एक टोचत राहिलं तर त्या वर्षांचं काय करायचं? त्यांना शाल नको आहे. शाली त्यांच्या ट्रंकेत मावत नाहीत. सत्काराच्या दिवशी त्यांना चार दणकट माणसं द्या, एक मोठी होडी द्या, आणि पाठ म्हणायला मी आहे. गुरुजींनी फक्त बसून सांगायचं. ट्रॅक्टर रामनगरला जोडू, आणि समितीला भाषणं करायचीच असली तर त्या वाफ्यात उभं राहून करा.

हा लेख छापायला जायच्या आधी तुम्हीच वाचणार, म्हणून तुम्हालाच विचारते. होडी आणि माणसं देणार की नाही? येत्या बुधवारी संध्याकाळच्या आरतीच्या आधी मला उत्तर पाहिजे. "बघू" हे उत्तर मी धरणार नाही. हो किंवा नाही, आणि ते चिटणीसांनी स्वतः येऊन, गुरुजींच्या समोर उभं राहून सांगायचं.