मोरीतली वाट

आमच्या मोरीत गरम पाणी ओतायच्या आधी आई जरा थांबायची आणि म्हणायची, "बाजूला व्हा." मग क्षणभर जाऊ द्यायची आणि मगच भाताची पेज नाहीतर धुण्याचं कढत पाणी सोडायची. शाळेतली एक मैत्रीण घरी आली होती, तिनं विचारलं, तुझी आई कुणाशी बोलते? मी म्हटलं, जनावराशी. यात नवल वाटण्यासारखं काही आहे, हे मला तिचा चेहरा बघून कळलं.

जनावर म्हणजे नाग. घरात त्याचं नाव घेत नसत. इंदूरला मिलच्या चाळीत आमची एकच खोली. पुढं दार, मागच्या भिंतीला एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. मोरीच्या तळाशी, पाणी जायच्या जाळीशेजारी, वीट निखळून पडलेलं मुठीएवढं भोक होतं. भिंतीमागं बोळ, बोळापलीकडं नाला, आणि नाला पुढं खान नदीला मिळायचा. पावसाळ्यात नाला चढला की नाग त्या भोकातून आत यायचा, पाण्याच्या पिंपामागं गारव्याला पडून राहायचा आणि मनात येईल तेव्हा त्याच वाटेनं निघून जायचा. शेजारच्या खोलीत एक मालवी म्हातारी राहायची, सगळी चाळ तिला बई म्हणायची. आईनं आणि बईनं मिळून नागासाठी नियम घालून घेतले होते. भोक झाकायचं नाही. अंधार पडल्यावर त्या कोपऱ्यात झाडू फिरवायचा नाही. मोरीत जाण्याआधी पाय आपटायचा, म्हणजे त्याला कळतं.

आई भाबडी होती असं समजू नका. तिचं माहेर छत्रीबागेत, नदीकाठाला. पूर आला की तिथं घराघरांत साप शिरत. नागाला दूध पाजतात यावर ती हसायची. तहानलेला ठेवला तर कुणीही काहीही पिईल, म्हणायची. तिचा हिशेब साधा होता. तो असला की उंदीर नसतात, आणि त्याची वाट मोकळी असली की तो आपल्या वाटेला जात नाही. मी देवभोळी नाही, पण या हिशेबात मला आजवर चूक सापडलेली नाही.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मिलमध्ये फिटर. पाळीप्रमाणे जायचे, यायचे, जेवून झोपायचे; स्वतःचं घर त्यांनी दिवसाउजेडी नीट पाहिलेलंच नव्हतं. बायकांनीही मुद्दाम सांगितलं नव्हतं. साप म्हटलं की पुरुषाचा हात आधी काठीकडं जातो, असं बईचं मत होतं.

मग एक दिवस पाळी संपवून माणसं बाहेर पडली आणि मागून मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. बाबांची हत्यारांची पेटी आतच राहिली. कुणाचा डबा राहिला, कुणाचे कपडे राहिले. आत कुणाचं काय राहिलंय, हे कुणी विचारलं नाही. सुरुवातीला बाबा रोज फाटकावर पेटी मागायला जायचे. नंतर जाईनासे झाले.

शहरात तेव्हा रंगीत टीव्ही आणि केबलची धामधूम होती, विजय नगरकडं नवे प्लॉट पडत होते, आणि आमच्या चाळीत धडधाकट माणसं ओट्यावर पत्ते पिसत बसली होती. बाबा पत्ते खेळणारे नव्हते. त्यांनी घर दुरुस्तीला काढलं. करकरणारं दार, गळका नळ, डुगडुगणारी खाट, सगळं उसन्या हत्यारांनी नीट केलं. आई दर वेळी छान झालं म्हणायची आणि मला बाबांचा राग यायचा. दिवसभर घरात वावरणारे, प्रत्येक वस्तू उचलून बघणारे बाबा मला नको होते. त्यांनी पुन्हा डबा घेऊन कुठंतरी जावं, असं वाटायचं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई माझ्या तान्ह्या भावाला टोचून आणायला गेली होती आणि मी शाळेत होते. आम्ही घरी आलो तेव्हा बाबांनी मोठ्या हौसेनं मोरी दाखवली. कुणाच्या तरी ओट्याच्या कामातलं उरलेलं सिमेंट आणून त्यांनी भोक बुजवलं होतं आणि वरून असं गुळगुळीत केलं होतं की तिथं कधी काही होतं हे ओळखू येऊ नये.

आईचा चेहरा उतरला. तिनं त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं आणि ते सिमेंट आत्ताच्या आत्ता उकरा म्हणाली. बाबांना ते फार लागलं. मिल बंद झाल्यापासून हातून झालेल्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. सापासाठी घराला भोक ठेवणारी माणसं मी बघितली नाहीत, असं म्हणून ते जेवणावरून उठले. तोवर दिवेलागण झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पंचमी होती. पंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चढवत नाहीत, आणि खणणं तर मुळीच नाही. जमिनीत, भिंतीत कुठंतरी त्याला लागेल म्हणून. शेवटी आईच म्हणाली, परवा बघू. जनावर बाहेरच असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, ते हलवून मागं बघणं कुणाला सुचलं नाही. ज्याला जपायला नियम केला होता, त्यालाच त्या नियमानं कोंडून ठेवलं होतं.

सकाळी आईनं पाटावर चंदनाचे नाग काढले, लाह्या आणि दूर्वा वाहिल्या आणि पुरणाची दिंडं उकडायला ठेवली. शेजारी बईकडं बाटीसाठी गोवऱ्या पेटल्या होत्या. बाबा आदल्या दिवशीचं तोंड घेऊन बाहेर ओट्यावर बसले होते. खोलीच्या मधोमध, कडीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत भाऊ झोपला होता आणि मी दाराजवळच्या खाटेवर बसून झोळीची दोरी ओढत होते. झोळी जमिनीपासून हातभर उंच असेल.

पिंपामागून नाग निघाला. तो सरळ भोकाच्या जागी गेला आणि थांबला. सिमेंटवरून तोंड फिरवत पुढं गेला, परत आला, पुन्हा फिरवलं. आपल्याच घराचं दार सापडत नाही अशा माणसासारखा. मला भीती वाटायच्या आधी त्याची दया आली, हे खरं सांगते. मग तो वळला आणि खोलीत आला.

झोळी हलत होती. ती दिसताच त्यानं अंग उचललं आणि फणा काढला. आई चुलीपाशी होती, नाग तिच्या आणि झोळीच्या मध्ये. तिला पुढं येता येत नव्हतं.

"दोरी सोडू नकोस," ती आवाज न चढवता म्हणाली. "हळूच थांबव."

मी दोरी ताणून धरली. झोळी थांबली, पण आता दुसरीच भीती होती. झोका थांबला की भाऊ उठायचा, आणि उठला की पाय झाडायचा.

माझं ओरडणं बाहेर ऐकू गेलं असावं; मी ओरडले होते हे मला आठवत नाही. बाबा दारात आले, हातात लोखंडी सळई. मागं चाळ गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, गल्लीत गारुडी फिरतायत, एकाला आणतो. आईनं मानेनं नाही म्हटलं. टोपलीत गेलेल्या नागाचे दात कसे तोडतात, हे तिनं नदीकाठी पाहिलं होतं. बई वाट काढत आली आणि उंबऱ्यावर बसली. "हिलजे मती, बेटी," म्हणजे हलू नकोस, असं ती मला म्हणाली. बाबांनी सळई उचलली. दारातून नागापर्यंत पोचायचं तर घाव झोळीला घासून जाणार होता.

"मारू नका," आई म्हणाली. "त्याला जायचंच आहे. मिलवाल्यांनी तुमचं जे केलं, तेच तुम्ही त्याचं करून ठेवलंय."

बाबांचा हात खाली आला. कुलूप लागलं त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. हा त्याहून वाईट होता. ते वळले आणि माणसांना ढकलत, चाळीला वळसा घालून मागच्या बोळात धावले. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"अगं, आज खोदायचं नसतं ना? खोदू का?"

अशा वेळी परवानगी मागणं वेडेपणाचं वाटेल. पण आदल्या दिवशी तिला न विचारता त्यांनी काय केलं होतं, ते आमच्या समोर फणा काढून उभं होतं.

"खोदा," आई म्हणाली. "पाप लागलं तर मला लागू द्या. पण बिलकुल ठोकू नका."

ठोकलं असतं तर हादऱ्यानं नाग भिंतीपासून दूर, म्हणजे झोळीकडंच सरकला असता. बाबा सळईच्या टोकानं खरवडू लागले. पावसाळी हवेत सिमेंट पुरतं धरलं नव्हतं, पण कोवळंही राहिलं नव्हतं. खर्र, खर्र असा आवाज भिंतीतून येऊ लागला. फणा मोरीकडं वळला, पुन्हा झोळीकडं आला. आणि भाऊ उठला. लुगड्याच्या कापडातून त्याची टाच उमटलेली मला दिसली. त्यानं पाय झाडला तसा नाग मागं झुकला.

मी दोन्ही हातांनी दोरी गच्च ताणून धरली. देवाचं नाव मी घेतलं नाही. मनात एकच होतं, बाबा, लवकर करा. घरातून जावेत असं मला वाटायचं, त्याच बाबांवर तेव्हा सगळी भिस्त होती. बई रुसलेल्या जावयाशी बोलावं तशी नागाशी बोलत होती. "रस्तो खुली रियो है, महाराज. पधारो."

मोरीच्या ओल्या फरशीवर उजेडाचा एक ठिपका पडला. तो वाढत गेला. आईनं भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "बाजूला व्हा."

रोजचेच शब्द, रोजच्याच आवाजात, पण या वेळी ते बाबांसाठी होते. खरवडणं थांबलं. नागानं फणा मिटला, अंग जमिनीला टेकवलं आणि तो मोरीकडं गेला. भोकाशी जरा थांबला. मग आत शिरला, आणि कितीतरी वेळ त्याचं शेपूट सरकत राहिलं.

आईनं झोळीतून भावाला उचलून छातीशी धरलं. माझी बोटं दोरीवरून सुटेनात, ती बईनं एकेक करून सोडवली. बाबा आत आले तेव्हा त्यांचे तळहात सोलून निघाले होते.

"माझ्या पायाला लागून गेला," ते म्हणाले. "काही केलं नाही त्यानं मला." आणि ते सगळ्यांसमोर रडले. मिल बंद झाली तेव्हा रडले नव्हते. आईनं त्यांच्या हातांना हळद लावली आणि दिंडं स्वतः भरवली, कारण त्यांना घास धरता येत नव्हता.

पंचमी उलटल्यावर त्यांनी कानस मागून आणली आणि त्या भोकाची कड घासून गोल केली, त्याचं अंग खरचटू नये म्हणून. पुढं ते एका वर्कशॉपला लागले. दाढीचं पाणी मोरीत ओतताना तेही "बाजूला व्हा" म्हणायचे. ते पाणी गार असायचं, पण आई कधी हसली नाही.

बऱ्याच वर्षांनी चाळीची जमीन विकली गेली. आम्ही विजय नगरच्या पुढं फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. पाडायला मशीन आलंय असं कळल्यावर बाबा म्हणाले, मला तिकडं सोड. पोचलो तेव्हा मशीन मागच्या बोळात, आमच्याच भिंतीसमोर उभं होतं. नाग दिसून वर्षं लोटली होती. तरी बाबा मशीनच्या आडवे गेले.

"आगे से तोड़ो भिया," ते ड्रायव्हरला म्हणाले. "इधर से मत तोड़ो."

तो तरुण मुलगा वैतागेल, हॉर्न वाजवेल असं मला वाटलं. त्यानं खिडकीतून वाकून विचारलं, "अंदर कोई है क्या?"

मिलच्या फाटकापाशी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"हौ," ते म्हणाले. "है."

त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरून बाबांशेजारी उकिडवा बसला. दोघंही त्या भोकाकडं बघत राहिले. मी गाडी सावलीत लावली आणि थांबले.